उपद्रवी प्राण्यांच्या शिकारीसाठी लहान कॅलिबरची काडतुसे : घरातील साठवण आणि प्रवास

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत कायोटी (लांडग्याच्या कुळातील लहान रानटी प्राणी), प्रेअरी डॉग (खारीच्या कुळातील, बिळांत राहणारा प्राणी) आणि शेतात बिळे करणाऱ्या खारी यांची गणना उपद्रवी प्राण्यांत होते. कायोटी मेंढरांवर आणि नवजात वासरांवर झडप घालतात, तर प्रेअरी डॉगच्या वसाहती चराऊ कुरणे पोखरून टाकतात, त्यामुळे रीतसर परवानगी मागणाऱ्या शिकाऱ्याला कुरणाचे मालक सहसा नाही म्हणत नाहीत. माझ्या ओळखीतील काही मराठी मंडळी अलीकडे या शिकारीकडे वळली आहेत. रायफल कोणती घ्यावी आणि तिच्यावर दुर्बीण कोणती बसवावी, याबद्दल सल्ला देणारे त्यांना पुष्कळ भेटतात. काडतुसे घरात कुठे ठेवावीत, गाडीतून कशी न्यावीत आणि रानातून परत आल्यावर उरलेल्यांचे काय करावे, हे मात्र कोणी नीट बसून सांगत नाही. प्रत्यक्षात नवख्या माणसावर येणाऱ्या अडचणींपैकी बऱ्याचशा रायफलीमुळे नव्हे, तर कुठेतरी विसरलेल्या एखाद्या काडतुसामुळे येतात. मी कोलोरॅडोत राहतो आणि या सगळ्या प्रक्रियेतून गेलो आहे. आपल्याकडील प्रत्येक काडतूस या क्षणी कुठे आहे हे मालकाला ठाऊक असले पाहिजे, या एका सूत्राभोवती पुढील पायऱ्या रचल्या आहेत.

१. आधी हे तपासा : तुम्हाला काडतूस बाळगता येते का?

अमेरिकेचा संघीय कायदा काडतुसाला बंदुकीच्याच पंक्तीत बसवतो. ज्या व्यक्तीला बंदूक बाळगण्यास मनाई आहे, तिला एकही काडतूस बाळगता येत नाही, मग रायफल मित्राची असो किंवा भाड्याने घेतलेली असो. आपल्या मंडळींसाठी यातील कळीचा मुद्दा असा की, एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ किंवा पर्यटक अशा स्थलांतरितेतर व्हिसावर आलेल्या व्यक्तींना ही मनाई सरसकट लागू आहे. तिला जे मोजके अपवाद आहेत, त्यांपैकी आपल्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकार परवाना. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक या मनाईत येत नाहीत. ज्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित आहे, त्यांनी कार्ड प्रत्यक्ष हाती येईपर्यंत स्वतःला पहिल्याच गटात धरावे.

इथे दोन खाचखळगे आहेत आणि दोन्ही नीट समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला मुदतीचा. कोलोरॅडोचा वार्षिक परवाना १ मार्चला सुरू होतो आणि पुढील वर्षीच्या ३१ मार्चला संपतो. व्हिसावर असलेल्या शिकाऱ्याच्या बाबतीत परवाना संपला की अपवादाचा आधारही संपतो. रायफल मित्राकडे परत गेलेली असते, पण उरलेला अर्धा खोका कपाटात तसाच असतो, आणि १ एप्रिलपासून तो खोका बाळगणे हाच गुन्हा ठरू शकतो. म्हणून नवा परवाना जुना संपण्यापूर्वीच घ्यावा. घ्यायचा नसेल तर उरलेली काडतुसे, ज्याला ती बाळगण्याचा हक्क आहे अशा व्यक्तीकडे मुदतीच्या आत सोपवावीत.

दुसरा खाचखळगा अधिक फसवा आहे. वायोमिंगमध्ये कायोटी मारण्यासाठी राज्याचा परवाना लागत नाही. ‘परवाना लागत नाही’ हे ऐकून व्हिसावरील माणूस निर्धास्त होतो. परंतु राज्याच्या शिकारीच्या नियमांना परवाना नको असला, तरी संघीय कायद्याच्या अपवादासाठी त्याला तो हवाच असतो. अशा वेळी जिथे शिकार परवान्याशिवाय होते, तिथेही खिशात एक वैध परवाना असला पाहिजे. या मनाईचे उल्लंघन हा गंभीर गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची कमाल शिक्षा १५ वर्षांची आहे, आणि इमिग्रेशनवर होणारे परिणाम वेगळेच. तुमच्या परिस्थितीत जराही गुंतागुंत असेल, तर काडतुसांचा पहिला खोका विकत घेण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्या. ती फी वाया जात नाही.

जवळ ठेवायची कागदपत्रे :

– छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र, आणि ग्रीन कार्ड किंवा पासपोर्ट व व्हिसा
– चालू मुदतीचा शिकार परवाना (व्हिसाधारकांनी त्याची छापील प्रत काडतुसांच्या डब्यातही ठेवावी)
– हंटर एज्युकेशनचे कार्ड. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्यासाठी हे शिक्षण सक्तीचे आहे
– खासगी जमीन असेल तर मालकाची लेखी परवानगी
– इलिनॉयचे रहिवासी असाल तर त्या राज्याचे एफओआयडी कार्ड (बंदूकमालकाचे ओळखपत्र), कारण तिथे केवळ काडतुसे बाळगायलाही ते लागते

अधिकृत विक्रेता १८ वर्षांखालील व्यक्तीला रायफलीची आणि २१ वर्षांखालील व्यक्तीला पिस्तुलाची काडतुसे विकू शकत नाही. .२२ लाँग रायफल दोन्हींत चालत असल्याने दुकानदार ‘कशासाठी हवीत?’ असे विचारतो, त्याचे कारण हेच. काही राज्यांची वयोमर्यादा याहूनही कडक आहे.

२. आपले काडतूस ओळखायला शिका

या शिकारीत लहान कॅलिबरची, म्हणजे बारीक गोळीची, दोन कुळे वापरली जातात. पहिले रिमफायर : १८८७ पासून चालत आलेले .२२ लाँग रायफल, १९५९ चे .२२ मॅग्नम आणि २००२ मध्ये आलेले .१७ एचएमआर. यांच्या बुडाच्या वळलेल्या कडेतच स्फोटक लेप भरलेला असतो आणि रायफलीचा टोला त्या कडेवर बसतो. दुसरे सेंटरफायर : .२२३ रेमिंग्टन, .२२-२५०, .२०४ रुगर वगैरे. यांच्या बुडाच्या मध्यभागी ठिणगी पाडणारी वेगळी टोपी बसवलेली असते. साठवणुकीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण रिमफायर काडतुसाची संपूर्ण कड नाजूक असते आणि .२२ लाँग रायफलची गोळी बहुधा उघड्या शिशाची, मेणासारखे वंगण लावलेली असते. ती खिशात सुटी ठेवली की वंगणाला रेती आणि धागे चिकटतात, आणि तो कचरा थेट नळीत जातो.

एक काडतूस हातात घ्या आणि उजेडात त्याचे बूड पाहा. सेंटरफायरच्या बुडावर टोपीभोवती गोलाकार अक्षरे कोरलेली असतात : एका बाजूला उत्पादकाचे नाव, दुसऱ्या बाजूला कॅलिबर. खोक्यातून बाहेर पडलेल्या काडतुसाची तेवढीच ओळख शिल्लक राहते. .२२३ आणि त्याहून जाड गोळीचे .३०० ब्लॅकआउट यांच्या पुंगळ्यांचे (पितळी कवचांचे) बूड एकाच मापाचे असते, दोन्ही एकाच मॅगझिनमध्ये (रायफलीत काडतुसे भरण्याच्या पेटीत) बसतात, आणि .३०० चे काही प्रकार .२२३ च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या भागात) ढकलले जाऊ शकतात. तसे होऊन चाप ओढला गेला, तर जाड गोळी बारीक नळीत अडकते आणि रायफल फुटते. त्याचप्रमाणे .२२३ सारखीच दिसणारी ५.५६ नाटो जातीची लष्करी काडतुसे .२२३ साठी घडवलेल्या चेंबरमध्ये वापरू नयेत, कारण त्यांचा दाब अधिक असू शकतो. .२२ लाँग रायफल .२२ मॅग्नमच्या चेंबरमध्ये सैल बसते. झाडली तर पुंगळी फाटून तप्त वायू मागे येतो. रायफलीच्या नळीवर जे कॅलिबर कोरलेले आहे, तेच आणि फक्त तेच वापरायचे.

यातून साठवणुकीचा पहिला नियम निघतो : एका डब्यात एकच कॅलिबर. घरात .२२३ आणि .३०० ब्लॅकआउट दोन्ही असतील, तर त्यांचे डबे वेगळ्या रंगाचे असावेत, वेगळ्या फळीवर असावेत, आणि शिकारीला निघताना दोन्ही एकत्र नेऊ नयेत.

३. मूळ खोका टिकवा

काडतुसे मूळ खोक्यातून काढून मोठ्या बरणीत किंवा पिशवीत ओतण्याचा मोह अनेकांना होतो, विशेषतः .२२ ची पाचशेची पाकिटे घेतल्यावर. तसे करू नका. खोक्याच्या आतल्या झाकणीवर किंवा तळाशी लॉट क्रमांक (एका खेपेत बनवलेल्या मालाचा क्रमांक) छापलेला असतो. उत्पादक सदोष माल परत मागवतात, तेव्हा ते लॉट क्रमांकानेच मागवतात. खोका फेकून दिलेल्या माणसाला आपली काडतुसे त्यात आहेत की नाहीत हे कळण्याचा मार्ग उरत नाही. शिवाय रिमफायरच्या अचूकतेत लॉटनुसार जाणवण्याइतका फरक पडतो. एखादा लॉट तुमच्या रायफलीला मानवला, तर तोच पुन्हा मागता यावा यासाठीही तो क्रमांक हवा. खोक्यावर खरेदीचा महिना आणि वर्ष मार्करने लिहा व जुना खोका आधी संपवा.

४. घरातील जागा

स्पोर्टिंग काडतुसांचे मानक ठरवणारी अमेरिकेतील संस्था म्हणजे १९२६ मध्ये स्थापन झालेली सामी. थंड, कोरडी जागा आणि मूळ वेष्टन, हा तिच्या सल्ल्याचा गाभा आहे. काडतुसातील धूरविरहित दारूचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज असतो आणि तो सावकाश विघटित होत राहतो. हे विघटन रोखण्यासाठी दारूत स्थिरीकारक मिसळलेला असतो, पण उष्णतेत तो लवकर खर्ची पडतो. म्हणूनच घराच्या आतील खोलीतले कपाट हे पोटमाळ्यापेक्षा आणि गॅरेजपेक्षा कितीतरी चांगले. सारख्याच तापमानात, कोरड्या जागी ठेवलेली कारखान्यातील काडतुसे दशकानुदशके टिकतात. उन्हाळ्यात तापणाऱ्या आणि हिवाळ्यात गोठणाऱ्या पोटमाळ्यावर ती भरवशाची राहत नाहीत.

गॅरेजमध्ये ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर पेट्रोलचे कॅन, रंग, थिनर आणि पूलमध्ये टाकायची रसायने यांच्यापासून काडतुसे दूर ठेवा. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या मानकात ज्वलनशील द्रव आणि काडतुसे यांच्यात १५ फूट अंतर किंवा तासभर आग थोपवणारी भिंत असावी असे म्हटले आहे, आणि घरगुती साठ्यासाठीही ते माप सोयीचे आहे. आगीत सापडलेल्या काडतुसांबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. नळीबाहेर तापलेल्या काडतुसाची पुंगळी फुटते आणि तिचे हलके तुकडे उडतात, परंतु नळीतून सुटलेल्या गोळीचा वेग त्या गोळीला येत नाही, आणि संपूर्ण साठा एका धडाक्यात उडत नाही. धोका खरा उद्भवतो तो काडतुसे जड, घट्ट बंद लोखंडी पेटीत कोंडली असतील तर, किंवा भरलेली रायफल त्याच आगीत असेल तर. घराला आग लागली तर बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला काडतुसे कोणत्या खोलीत आहेत हे सांगा.

डबा म्हणून रबरी गॅस्केट असलेला लष्करी पद्धतीचा पत्र्याचा डबा उत्तम. त्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि काही महिन्यांनी ती बदला. वजनाचा अंदाज मात्र आधी घ्या : .२२३ ची हजार काडतुसे साधारण १२ किलो भरतात. मोठा डबा काठोकाठ भरून वरच्या फळीवर ठेवला, तर तो उतरवताना हातातून निसटू शकतो. लहान डबे खालच्या फळीवर ठेवणे केव्हाही बरे.

५. ओल, अमोनिया आणि तेल

काडतुसांचे तीन वैरी आहेत. पैकी ओलीची कल्पना सर्वांनाच असते, अमोनियाची नसते. एकोणिसाव्या शतकात भारतातील ब्रिटिश सैन्याच्या काडतुसांना पावसाळ्यात बारीक तडे जाऊ लागले. काडतुसे तबेल्यांजवळ साठवलेली असत, आणि घोड्यांच्या मुतातील अमोनिया दमट हवेबरोबर पितळेवर काम करी. घडवताना पितळेत कोंडलेला ताण आणि अमोनिया यांच्या संयोगाने ते चिरत होते, हा उलगडा पुढे १९२१ मध्ये पक्का झाला. आजच्या घरात तबेला नसतो, पण काच पुसण्याचे अमोनियायुक्त द्रव, मांजराच्या मातीचा ट्रे आणि नळीतील तांब्याचा थर काढणारी काही सॉल्व्हंटे असतात. यांपैकी काहीही काडतुसांच्या कपाटात ठेवू नका, आणि सॉल्व्हंट लागलेल्या हातांनी काडतुसे हाताळू नका. पुंगळीच्या मानेवर केसासारखी बारीक उभी रेघ दिसली, तर ते काडतूस वापरू नका. .१७ एचएमआरची मान पातळ आणि लांब असल्याने तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

तेलाबाबतही हीच काळजी घ्यावी. गंज चढू नये म्हणून काडतुसांवर झिरपणारे तेल फवारणारे लोक मी पाहिले आहेत. ते तेल टोपीच्या कडेने आत शिरते आणि काडतूस निकामी करते. काडतूस कोरड्या सुती फडक्याने पुसावे, एवढेच पुरेसे आहे. कातडी पट्ट्यात काडतुसे खोचून ठेवण्याची जुनी पद्धत दिसायला देखणी आहे, परंतु कातडे कमावताना वापरलेल्या आम्लांमुळे पितळेवर हिरवट थर चढतो. पट्टा शिकारीच्या दिवशी वापरा आणि घरी आल्यावर रिकामा करा.

हिवाळ्यातील कायोटीच्या शिकारीत ओलीचा एक वेगळा प्रकार दिसतो. बाहेर शून्याखाली थंडी असते आणि डबा दिवसभर गाडीत असतो. घरात आणल्याबरोबर झाकण उघडले, तर खोलीतील उबदार हवा थंड पितळेला लागते आणि क्षणात प्रत्येक काडतुसावर दव धरते. बोट फिरवले तर पाण्याची रेघ उमटते. झाकण पुन्हा लावले की ते पाणी आत कोंडले जाते. डबा बंदच ठेवून रात्रभर खोलीत राहू द्या आणि सकाळी उघडा.

६. कुलूप आणि घरातील माणसे

रायफल एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात, दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या, आणि दोन्ही मुलांच्या माहितीबाहेर. घरात मुले नसली तरी पाहुण्यांची मुले येतात. गणपतीत किंवा दिवाळीच्या फराळाला घर भरलेले असताना कोणते कपाट कोण उघडतो याकडे कोणाचे लक्ष नसते. कोलोरॅडोत २०२१ पासून, अल्पवयीन मुलाच्या हाती लागू शकेल अशा रीतीने बंदूक ठेवणे कायद्याने गुन्हा आहे.

आणखी एक बाब आपल्या मंडळींना विशेषकरून लागू पडते. एकाच घरात ग्रीन कार्डधारक पती आणि एच-४ वरील पत्नी, किंवा नागरिक झालेला मित्र आणि एच-१बी वरील रूममेट, अशी रचना अनेक ठिकाणी असते. ज्याला मनाई आहे त्या व्यक्तीच्या हाताशी काडतुसे सहज लागत असतील, तर त्या व्यक्तीचाही ताबा आहे असा अर्थ लावला जाऊ शकतो. तेव्हा कपाटाची किल्ली किंवा आकड्यांचे कुलूप केवळ ज्याला हक्क आहे त्याच्याकडेच असावे, आणि ‘जरा डबा आणून दे’ असे घरातल्या दुसऱ्या कोणाला सांगू नये. भाड्याच्या घरात राहत असाल तर करारनाम्यातील शस्त्रांबाबतचे कलमही वाचून घ्या.

७. निघताना मोजा

डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा. तारीख, किती काढली, किती झाडली, किती परत ठेवली, असे चार रकाने पुरतात. हिशेब जुळला नाही तर त्याच संध्याकाळी जॅकेटचे खिसे, बॅगेचे कप्पे आणि गाडीच्या सीटखालची जागा तपासा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण दहाव्या पायरीवर त्याचे मोल कळेल. गरजेपुरतीच काडतुसे न्या. प्रेअरी डॉगच्या वसाहतीवर दिवसभरात बऱ्याच गोळ्या लागतात, तर कायोटीला एक लहान खोका पुरतो.

८. गाडीतून नेताना

राज्याच्या आत असताना त्या राज्याचे नियम लागू होतात. कोलोरॅडोत मोटारीत असलेल्या रायफलीच्या चेंबरमध्ये काडतूस असता कामा नये. माझा आग्रह याहून पुढचा आहे : मॅगझिनही रिकामे असावे आणि काडतुसांचा डबा रायफलीपासून वेगळा, कुलूपबंद असावा. अनेक राज्ये ओलांडून जाणार असाल तर १९८६ चा संघीय कायदा काही प्रमाणात संरक्षण देतो. त्याच्या अटी अशा की, निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी ती शस्त्रे बाळगण्याचा तुम्हाला हक्क असावा, रायफल रिकामी असावी, आणि रायफल वा काडतुसे प्रवाशांच्या हाताशी नसावीत. डिकी वेगळी नसलेल्या एसयूव्हीत दोन्ही कुलूपबंद पेटीत हवीत, आणि पुढचा ग्लोव्ह कप्पा किंवा मधला कन्सोल यांना अशी पेटी मानले जात नाही.

वाटेतल्या राज्यात थांबून शिकार करणार असाल, तर मात्र तिथले नियम पूर्णपणे पाळावे लागतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्य प्राण्याच्या शिकारीत शिशाची गोळी वापरता येत नाही, .२२ सुद्धा. कोलोरॅडोतून नेलेला नेहमीचा खोका तिथे निरुपयोगी ठरतो.

उन्हाळ्यात काडतुसे बंद गाडीत सोडून जाऊ नका. उन्हाने ती आपोआप उडत नाहीत, पण तापलेली दारू झाडल्यावर अधिक दाब निर्माण करते, आणि रोज तापत राहिलेला साठा लवकर खराब होतो. साधा, बर्फ न भरलेला पिकनिक कूलर काडतुसांचा डबा ठेवायला उत्तम, कारण त्यात तापमान सावकाश बदलते.

९. रानात

पन्नास कप्प्यांच्या प्लास्टिकच्या डबीत काडतुसे टोक खाली करून ठेवा. प्रत्येक काडतूस आपापल्या कप्प्यात बसते, एकमेकांवर आपटत नाही, आणि किती उरली हे एका नजरेत दिसते. किल्ल्या, चाकू आणि सुटी नाणी असलेल्या खिशात काडतूस कधीही ठेवू नका, रिमफायर तर नाहीच.

जुलैच्या दुपारी उघड्या कुरणावर बाकाजवळ ठेवलेली काळी डबी अर्ध्या तासात हाताला चटका देते. डबी बाकाच्या सावलीत, पांढऱ्या टॉवेलखाली ठेवा. रायफलीची नळी सतत झाडून तापलेली असेल, तर पुढचा नेम धरेपर्यंत काडतूस चेंबरमध्ये पडू देऊ नका. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडा ठेवा आणि नळीला निवू द्या. तापलेल्या चेंबरमध्ये राहिलेल्या काडतुसाचा दाब वाढतो, आणि अतिशय तापलेल्या नळीत ते चापाला हात न लावताही उडू शकते.

चाप ओढला आणि आवाज झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर रायफल रिकामी करून, गोळी अडकलेली नाही याची खात्री केल्याशिवाय पुढचे काडतूस घालू नका. न उडालेली काडतुसे वेगळ्या, खूण केलेल्या डबीत ठेवा. चांगल्या काडतुसांत ती मिसळली की ओळखू येत नाहीत.

उघड्या शिशाच्या गोळ्या हाताळल्यावर खाण्यापूर्वी साबणाने हात धुवा. घरून नेलेल्या पोळीभाजीवर ताव मारण्याआधी याचा विसर पडता कामा नये, आणि सोबत मुले असतील तर त्यांचे हात आपण स्वतः धुवावेत. निघताना रिकाम्या पुंगळ्या वेचून घ्या. कुरणाच्या मालकाच्या गुरांचा आणि त्याच्या विश्वासाचा तो प्रश्न आहे.

१०. विमान, टपाल आणि भारताची वारी

देशांतर्गत विमानप्रवासात काडतुसे केबिनमधील सामानात अजिबात चालत नाहीत. चेक-इन सामानात ती पुठ्ठा, लाकूड, प्लास्टिक किंवा धातूच्या, काडतुसांसाठीच बनवलेल्या खोक्यात चालतात. सुटी चालत नाहीत. रायफल रिकामी, कठीण कवचाच्या कुलूपबंद पेटीत असावी आणि काउंटरवर तसे जाहीर करावे. बहुतेक विमान कंपन्यांची मर्यादा माणशी ५ किलोची असते, म्हणजे .२२३ ची खोक्यांसह चारशेच्या आत. तिकीट काढण्यापूर्वी कंपनीचा नियम वाचा. अमेरिकेच्या सरकारी टपालाने काडतुसे पाठवण्यास संपूर्ण बंदी आहे, आणि खासगी कुरिअरकडेही ती साध्या पार्सलसारखी देता येत नाहीत. त्यापेक्षा पोहोचल्यावर तिथेच विकत घेणे सोपे पडते.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. शिकारीला वापरलेली बॅग, जॅकेट किंवा पँट भारताच्या प्रवासाला नेऊ नका. मुंबई, दिल्ली किंवा पुणे विमानतळावर सामानाच्या क्ष-किरण तपासणीत एक जिवंत काडतूस सापडले, तरी १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. येताना ते सुटले, तरी परतीच्या प्रवासात सापडते. ताब्यामागे जाणीव असली पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात मांडले आहे, आणि त्याच्या आधारे विसरलेल्या काडतुसाचे गुन्हे उच्च न्यायालयांनी रद्दही केले आहेत. परंतु तिथपर्यंत पोहोचायला चुकलेले विमान, जमा झालेला पासपोर्ट, वकील आणि तारखा यांतून जावे लागते, आणि आई-वडिलांना भेटायला आलेल्या माणसाची सगळी सुट्टी त्यात जाते.

भारताच्या बॅगेज नियमांतील परिशिष्टात ‘५० हून अधिक काडतुसे’ असा उल्लेख आढळतो. तो वाचून पन्नासपर्यंत काडतुसे मोकळेपणाने नेता येतात, असा समज करून घेऊ नका. ती तरतूद सीमाशुल्काची आहे. भारतात एक काडतूस बाळगायलाही शस्त्र परवाना लागतोच. आठवण म्हणून गळ्यात घातलेली किंवा किल्लीला लावलेली रिकामी पुंगळीसुद्धा घरीच ठेवा, कारण यंत्राच्या पडद्यावर ती काडतुसासारखीच दिसते आणि चौकशी अटळ असते. शिकारीसाठी एक बॅग कायमची वेगळी राखा, तिला ठळक रंगाची फीत बांधा, आणि घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा की ही बॅग विमानतळावर जाणार नाही. मेक्सिकोच्या सीमेपलीकडे गाडीने जाणाऱ्यांनाही हीच खबरदारी लागू आहे. तिथे एखाद्या काडतुसावरूनही अटक होऊ शकते.

११. जुनी आणि निकामी काडतुसे

हिरवा थर चढलेली, मान चिरलेली, पाण्यात पडलेली किंवा न उडालेली काडतुसे घरच्या कचऱ्यात टाकू नका, जाळू नका, पुरू नका आणि कुतूहल म्हणून उघडूनही पाहू नका. बहुतेक नेमबाजीच्या रेंजवर अशा काडतुसांसाठी वेगळी पेटी असते. तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून त्यात टाका. रेंज जवळ नसेल तर पोलिसांच्या आणीबाणीव्यतिरिक्त क्रमांकावर फोन करून ते स्वीकारतात का हे विचारा, किंवा काउंटीच्या घातक कचरा केंद्राकडे चौकशी करा. आधी फोन करणे आवश्यक आहे, कारण सर्व केंद्रे काडतुसे घेत नाहीत, आणि न विचारता डबा घेऊन पोलीस ठाण्याच्या दारात उभे राहणे योग्य नव्हे. दिलेल्या काडतुसांची संख्या झाकणावरील कागदावर नोंदवा आणि त्या लॉटचा रिकामा खोका मग फेकून द्या.